नरसीला संशोधन ग्रंथालय का हवे?

आषाढीची वारी करून परतणारे वारकरी वद्य एकादशीला नरसीत संत नामदेवांच्या दर्शनाला येतात. या परतवारीला गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळे घाट, भक्तनिवास, वाहनतळ यांच्या मागण्या होतात आणि त्या रास्तच आहेत. त्यांच्या जोडीला माझी एक मागणी आहे. धर्म आणि माणसाचे नागरी हक्क यांचा संबंध ज्याला अभ्यासायचा आहे, त्याला बसून वाचता येईल असे ग्रंथालय नरसीला हवे. पुण्या-मुंबईत नको, इथेच हवे. मुद्दे असे:

१) नरसीच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे. तिथे नामदेवांना कीर्तनातून हटकले, ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पाठीमागचा नंदी पुरावा म्हणून दाखवतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी भैरव आणि मलार रागांतल्या पदांत असाच प्रसंग नामदेव स्वतःच्या तोंडाने सांगतात. शूद्र म्हणून आपल्याला मारून उठवले, हे ते स्पष्ट बोलतात. शिंप्याच्या जन्माला का घातलेस, असे देवाला विचारतात आणि घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसतात. औंढ्याचे नाव तिथे नाही. लोककथेत चमत्कार पुढे येतो, पदात जात आणि मार. ही पदे आणि राज्य शासनाने १९७० साली काढलेली नामदेव गाथा एका टेबलावर मिळाली, तर कॉलेजातली मुलगी प्रवचनकाराला दोन अवघड प्रश्न विचारू शकेल. ग्रंथसाहिबाची गुरुमुखी कोण वाचणार, ही अडचण शिखांचे नांदेड इतके जवळ असताना सांगू नये.

२) संत चोखोबांच्या (चोखामेळा) अस्थी नामदेवांनी मंगळवेढ्याहून पंढरपूरला आणल्या, असे परंपरा सांगते. समाधी मात्र महाद्वाराबाहेरच. अस्पृश्य ठरवलेल्या चोखोबांच्या जातभाईंना विठ्ठलाच्या देवळात जायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींनी १ ते १० मे असे उपोषण केले. ते सोडा, असे गांधीजींनीही कळवले होते.

आंबेडकर तोवर फार पुढे निघून गेले होते. नाशिकला काळारामाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि १९३५ साली येवल्यात त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. तरीही १९४८ सालच्या त्यांच्या अस्पृश्यांविषयीच्या इंग्रजी ग्रंथाची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या नावे आहे. त्याआधी त्यांच्या ‘मूकनायक’ पत्राच्या (१९२०) शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, ‘बहिष्कृत भारत’च्या (१९२७) शिरोभागी ज्ञानेश्वरीच्या ओव्या. आपल्याकडची व्याख्याने नेमकी इथे घाई करतात. एका मंचावर संतांनी समता आणूनच ठेवली होती, दुसऱ्यावर त्यांनी काहीच केले नाही. हे अंक उघडून कोण बघतो?

३) नरसी १९४७ साली निजामाच्या राज्यात होती. मंदिरप्रवेशाचा १९४७ चा कायदा मुंबई प्रांताचा. तो इथे लागूच नव्हता. इथला इतिहास हैदराबादच्या दप्तरात आहे आणि बराचसा उर्दूत. निजामी शाळेत उर्दू शिकलेली पिढी संपत आली आहे. नकला आणून त्या वाचून घ्यायच्या तर आत्ताच.

४) सर्वात नाजूक आणि माझ्या मते सर्वात गरजेचा मुद्दा नामांतराचा. मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी. ज्या गावांत हरिनाम सप्ताह चालतात, त्या गावांतही हे घडले. टाळ वाजवणारे हात त्या रात्री काय करत होते, हे विचारल्याशिवाय या भागात धर्म आणि हक्क यांचा अभ्यास पुरा होणार नाही. तेव्हाची माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे: ज्यांची घरे जळाली त्यांचे, विरोधात मोर्चे काढणाऱ्यांचे आणि शेजाऱ्याला घरात लपवणाऱ्यांचेही. अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’ दैनिकाने नामांतराला विरोध केला होता. त्या फायलीही ठेवाव्यात. नावे उघड करायची की नाही, हे सांगणाऱ्याने ठरवावे.

५) हा विषय जगभर अभ्यासला जातो. आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. तो पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जपला, म्हणून आपल्याला माहीत आहे. एलिनॉर झेलियट या अमेरिकन बाई आंबेडकरी चळवळीवर प्रबंध लिहिताना चोखोबा आणि एकनाथांपर्यंत पोचल्या. आपल्या लातूरचे जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्य मराठीत आणले. ही सगळी पुस्तके नरसीच्या एका कपाटात मावतील.

६) ‘पोरं मोबाइलवर वाचतात, ग्रंथालय कशाला?’ असे म्हणणारे भेटतात. मोबाइलवर १९७८ ची ग्रामपंचायतीची इतिवृत्ते मिळत नाहीत. दुसरा आक्षेप असा की, तीर्थक्षेत्री जातीचे विषय नकोत. नामदेवांनी ते देवासमोर काढले होते.

७) गावचे वाचनालय आणि संशोधन ग्रंथालय यांची गल्लत नको. सार्वजनिक ग्रंथालयांचा १९६७ चा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, अनुदान आहे; पण त्या अनुदानात वर्तमानपत्रे आणि कथा-कादंबऱ्या भागतात, दप्तर जपण्याचे काम भागत नाही. त्यासाठी देवस्थान, ग्रामपंचायत आणि नांदेडचे विद्यापीठ यांचा करार हवा. ग्रंथपाल पगारी आणि प्रशिक्षित हवा, मानधनावरचा चुलतभाऊ नको. आपल्याकडे इमारतीचे उद्घाटन आधी होते आणि कुलूप उघडणारा माणूस मागाहून शोधतात. इथे पाच वर्षांचा पगार आधी बँकेत ठेवावा, नकाशा नंतर काढावा. तोवर भक्तनिवासातली एक कोरडी, वाळवी नसलेली खोली पुरेल.