बाई, मला गाताच येत नाही!

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात एका प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आहे. दुसरीचा वर्ग, 34 मुलं. त्या लिहितात, "डी.एड.ला असताना समूहगीतांची वही रंगीत शाईनं सजवून दिली, तिला गुणही चांगले पडले. पण तोंड उघडून गा, असं कुणी म्हटलं नाही. आता संगीताचा तास माझ्याकडे आलाय आणि मला गाताच येत नाही. वर्गात एक मुलगा एकाच सुरात घोघरं म्हणतो. पंधरा ऑगस्टच्या गाण्याच्या वेळी मी त्याला 'तू नुसते ओठ हलव' म्हटलं. तेव्हापासून तो प्रार्थनेलासुद्धा तोंड उघडत नाही. काय करू?"

वाचता वाचता हातातला चहा गार झाला. हे 'ओठ हलव' मीही ऐकलंय, चौथीत, संमेलनाच्या तालमीत. त्यानंतर गायले ती थेट पाळण्यापाशी, आणि तीही दार लोटून घेऊन! तेव्हा मी काही गवई नाही, बरं का. लहान मुलांना गाणं शिकवणाऱ्या बायकांकडे बसून जे पाहिलं, विचारलं, तेच सांगते.

आधी थोडा धीर देते. इंग्लंडमध्ये 1841 साली जॉन कर्वेन नावाच्या एका तरुण पाद्र्यावर मुलांना गाणं शिकवण्याची सोपी रीत शोधण्याचं काम आलं. त्याला स्वतःलाच स्वरलेखन वाचायला शिकताना नाकी नऊ आले होते. नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेनं मुलांसाठी अक्षरांनी स्वर दाखवायची पद्धत बसवली होती. तीच त्यानं सोपी करून सगळीकडे नेली, पुढे हाताच्या खुणाही जोडल्या. हंगेरीत झोल्तान कोदाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांत जे गाणं रुजवलं, त्यात या खुणा आहेत. म्हणजे मुळाशी एक शाळेतली बाई, आणि जेमतेम जमणारा एक माणूस. आपल्याकडे तर सारेगम पहिल्यापासून अक्षरांचंच!

आता त्या मुलाकडे येऊ. सहा-सात वर्षांच्या मुलाचा गळा हलका, उंच आणि छोटा असतो. पाच-सहा स्वरांत तो सुखानं फिरतो. आपण बायका मात्र दिवसभर बोलून दमलेल्या आवाजात, खालच्या पट्टीत गाणं सुरू करतो. मुलाला तिथे उतरता येत नाही. मग ते एका सुरावर घरघरत राहतं आणि आपण म्हणतो, बेसूर! अहो, शिडीची खालची पायरीच त्याच्या पायाला लागत नाही, तर त्यानं काय करावं?

म्हणून पट्टी आपण ठरवायची नाही. वर्गातल्या एखाद्या मोकळ्या गळ्याच्या मुलीला गाणं सुरू करू द्या आणि तिच्या सुरात तुम्ही जा. पहिले चार दिवस तुम्हाला उंच वाटेल. जोर लावू नका, पाळण्यातलं बाळ झोपलंय अशा बेतानं म्हणा. मुलंही तशीच म्हणतील. प्रार्थनेला जे होतं ते गाणं नव्हे, ओरडणं; त्यानं गळे बसतात आणि कान बंद होतात.

त्या मुलाला सर्वांसमोर उभं करू नका. खेळता खेळता कुल्फीवाल्याची हाक द्यायला सांगा, पतंग वर चालला तसा आवाज वर न्यायला सांगा. मग तो जो सूर लावील त्याच सुरात तुम्ही 'आ' म्हणा. आज तुम्ही त्याच्याकडे जायचं. दोन आवाज एक झाले की कसं वाटतं, हे त्याला बहुधा कधी कळलेलंच नाही. तिथून एक पायरी वर, एक खाली. बहुतेक मुलं अशी हळूहळू वळतात. दिवस लागतील, पण आधी त्याची माफी मागा. मुलांची माफी मागायला आपल्याला फार जड जातं.

गाणी कुठून आणायची? सिनेमाची नकोत, त्यांचा पल्ला मोठा, मुलांची ओढाताण होते. भोंडल्याची गाणी, ओव्या, बडबडगीतं घ्या. थोड्या स्वरांतली आणि तुम्हाला पाठच असलेली. फुगडी-झिम्म्याचा ठेका ज्या बाईच्या पायांत आहे, तिनं ताल येत नाही म्हणू नये. चार पावलं चालायची, चौथ्या पावलाला टाळी. जमलं की चौथी टाळी मनातल्या मनात. वर्षाला दहा गाणी पुष्कळ झाली.

आणि एक चूक सगळ्याजणी करतात. मुलं गात असताना आपणही जोरात गातो. मग ती कशी गातात हे ऐकायचं कुणी? तुम्ही ओळ दोनदा म्हणा, मुलांनी नुसतं ऐकावं. मग मुलांनी म्हणावं आणि तुम्ही गप्प.

घरची तयारी म्हणाल, तर कणीक मळताना सा ते प, इतकंच. मोबाईलवर तानपुरा मिळतो, तो लावून ठेवा. एकदा आपलाच आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. पहिल्यांदा लाज वाटते, तिसऱ्यांदा चूक कळते. शेजारच्या वर्गाच्या बाईंना सोबत घ्या. दोघींनी मिळून गायलं की भीती निम्मी होते. शिक्षकांच्या शिबिरांत एखादे बुवा तासभर ताना घेऊन जातात आणि बायका आल्या त्यापेक्षा घाबरून परततात. मला विचाराल, तर शिबिरात प्रत्येकीनं गायलं पाहिजे, आणि खऱ्या मुलांपुढे एक गाणं शिकवून दाखवलं पाहिजे. नाहीतर पुन्हा वहीच सजायची.

पत्र लिहिणाऱ्या बाई, दिवाळीच्या सुट्टीआधी मला दोन ओळी टाका. बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल. त्या मुलानं तोंड उघडलं का, तेवढं कळवा.