पडून राहिल्याने ताकद येत नाही

"आबा, तुम्ही काही करू नका, नुसते पडून राहा." डायलिसिस सुरू झालेल्या माणसाला घरोघरी हेच ऐकावं लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनवर काढायचे म्हटल्यावर अशक्तपणा येणारच, त्याला आराम हाच उपाय, असं सगळे धरून चालतात. ही समजूत मायेपोटीच आलेली असते. तरीही ती रुग्णाचं नुकसान करते.

तिच्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. जामखेडहून नगरला जाऊन डायलिसिस करून घेणाऱ्याला एका बाजूचेच सुमारे 75 किलोमीटर पडतात. मशीनवरून उतरल्यावर रक्तदाब पडलेला असतो आणि पायात गोळे येतात. घरी पोचेपर्यंत डोळे मिटायला लागतात. त्या दिवशी विश्रांती घ्यायलाच हवी. पण मधल्या दिवसांचं काय? त्या दिवसांतही माणूस खाटेवरच राहिला तर मांडीचे आणि पिंढरीचे स्नायू झिजतात आणि थकवा उलट वाढत जातो.

"वय झालं की असं व्हायचंच," हा दुसरा आक्षेप. अमेरिकेतल्या लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दुर्बलतेच्या पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, सैल पडलेली मूठ, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांतल्या तीन दिसल्या की माणूस दुर्बल समजायचा. 2007 मध्ये कर्स्टन जोहान्सन आणि सहकाऱ्यांनी डायलिसिसच्या 2,275 रुग्णांची माहिती तपासली, तेव्हा दोनतृतीयांश दुर्बल निघाले. चाळिशीच्या आतल्यांतही हे प्रमाण सुमारे 44 टक्के होतं. त्यात चाल आणि ताकद रुग्णांच्या उत्तरांवरून ठरवली होती, म्हणून आकडा थोडा फुगला असेल. पण बाल्टिमोरला 146 रुग्णांची मूठ आणि चाल प्रत्यक्ष मोजली, तिथेही सुमारे 42 टक्के दुर्बल भरले. तीन वर्षांत दुर्बलांपैकी 40 टक्के दगावले, तर मुळीच दुर्बल नसलेल्यांपैकी 16 टक्के. पस्तिशीतल्या ऊसतोड कामगाराला खुर्चीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागत असेल, तर दोष वयावर ढकलता येणार नाही.

तिसरी समजूत सगळ्यांत फसवी आहे: "वजन तर जागच्या जागी आहे की!" डायलिसिसच्या रुग्णाच्या अंगावर पाणी साठतं. मांस झडत जातं, त्याची जागा पाणी घेते आणि काटा तोच आकडा दाखवतो. दंड बारीक झालेला असतो, सदरा खांद्यावरून ओघळत असतो आणि फाइलमध्ये मात्र ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, महिनोन्‌महिने तेच लिहिलेलं असतं.

त्यात ताटातली डाळ गेलेली असते. मूत्रपिंडं कमजोर झाली तेव्हा डॉक्टरांनी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात आणि तेव्हा ते बरोबरच असतं. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र हिशेब उलटतो. प्रत्येक खेपेला 6 ते 12 ग्रॅम अमिनो आम्लं रक्तातून निघून जातात. म्हणून किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50 ते 60 ग्रॅम, पोटात जायला हवीत. एका अंड्यातून जेमतेम 6 ग्रॅम मिळतात. माळकरी घरात तर पोटॅशियम आणि फॉस्फरस सांभाळून डाळ, दही, पनीर कसं बसवायचं हे आहारतज्ज्ञानेच सांगायला हवं. जुना कागद बघून स्वयंपाक करणाऱ्या सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण नवा कागद तिच्या हाती कुणी दिलेलाच नसतो.

हलल्याने काय होतं, याचाही पुरावा आहे. इटलीत 296 रुग्णांवर झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निम्म्यांना डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच दहा-दहा मिनिटं चालायला लावलं. सहा महिन्यांत त्यांचं सहा मिनिटांत कापलेलं अंतर 328 मीटरवरून 367 वर गेलं. बाकीचे होते तिथेच राहिले. यासाठी ना जिम लागली, ना औषध.

आपल्याकडचं जुनं उदाहरणही आहे. जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडं 1975 मध्ये स्थानबद्धतेत असताना निकामी झाली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि ऑक्टोबर 1979 मध्ये निधन होईपर्यंत ते चाललं. 1977 ची निवडणूक त्यांनी डायलिसिसवर असतानाच लढवून घेतली. त्यांना मिळालेली शुश्रूषा पाथर्डीच्या शेतकऱ्याला मिळणार नाही, हे खरं. पण डायलिसिस म्हणजे अंथरूण, हे समीकरण तेव्हाच खोटं ठरलं होतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघतो, हे मोठंच काम झालं. पण रुग्ण मशीनवरून उतरून किती चालतो, याची नोंद कुणी ठेवायची? त्यासाठी एक खुर्ची, भिंतीवरचं घड्याळ आणि चार मीटरची मोकळी जागा पुरते. लोणीला प्रवरा संस्थेच्या आवारात वैद्यकीय महाविद्यालयाशेजारी फिजिओथेरपीचं महाविद्यालयही आहे. अशा ठिकाणचे विद्यार्थी महिन्यातून एकदा डायलिसिस विभागात आले, तर प्रत्येकाची चाल आणि मूठ मोजून होईल. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायच्या, हाताने रबरी चेंडू दाबायचा हे तर टेक्निशियन आधीपासूनच शिकवतात. त्याला जोडून रोजच्या चालण्याचं आणि खुर्चीवरून उठबस करण्याचं प्रमाण डॉक्टरांनी हृदय आणि रक्तदाब पाहून लिहून द्यावं. त्या हाताने जड काही उचलू नये, हेही त्याच कागदावर असावं. आणि फाइलमध्ये ड्राय वेटच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत: पाच वेळा उठबस करायला लागलेले सेकंद आणि मुठीची ताकद.