उपप्रश्न विचारू द्या

गेल्या आंबा हंगामात एका नेत्याने फेसबुकवर जनतेशी थेट संवाद ठेवला होता. ‘मनमोकळेपणाने विचारा’ असे आवाहन दोन दिवस आधीपासून फिरत होते. जामसंड्यात माझी हापूसची थोडी कलमे आहेत आणि हवामानावर आधारित फळपीक विमा मी दरवर्षी उतरवतो. म्हणून मी विचारले, “आमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रात आज किती पाऊस आणि किती तापमान नोंदले गेले, हे बागायतदाराला त्याच दिवशी कुठे पाहता येईल?”

प्रश्न साधा होता. या विम्याची भरपाई बागेतल्या मोहोराकडे बघून ठरत नाही, केंद्रातल्या नोंदीवर ठरते. माझा मोहोर काळा पडला आणि केंद्राने पाऊस नोंदलाच नाही, तर माझ्या हातात काही पडत नाही. नोंद त्याच दिवशी दिसली, तर हरकत वेळेत घेता येते.

संवाद चाळीसेक मिनिटे चालला. त्यात शुभेच्छांचे आभार मानून झाले, झालेल्या कामांची यादी झाली आणि तीन प्रश्न घेतले गेले. तिन्ही प्रश्नांची उत्तरे हातातल्या कागदावर तयार होती. माझ्या प्रश्नाखाली दुसऱ्या दिवशी हात जोडल्याचे चिन्ह आले. तोपर्यंत इतरांनी उत्तरे देऊन टाकली होती. विमा नेमका कोणत्या देशात उतरवता, असे एकाने विचारले. दुसऱ्याने आधी देशावरची निष्ठा सिद्ध करायला सांगितले. तीसएक प्रतिक्रिया मी वाचल्या, त्यात ‘आंबा’ हा शब्द एकदाही नव्हता.

माझ्या गडग्याला लागून ज्यांची बाग आहे ते काका संध्याकाळी म्हणाले, “अरे, ते तुझ्या नावार गेले, प्रश्नार नाय. पुढच्या वेळेक माझ्या नावान विचार.”

काका मनापासून बोलले, हे मला कळले. तरीही मी नको म्हटले. कलमे माझी, हप्ता माझा, मग प्रश्न दुसऱ्याच्या नावाने का विचारायचा?

लोकांनी प्रश्न विचारायचे आणि राज्यकर्त्यांनी इंटरनेटवरून उत्तरे द्यायची, ही पद्धत आता नवी राहिलेली नाही. ऑगस्ट 2012 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा रेडिट या संकेतस्थळावर बसले. प्रश्न हजारोंनी आले, उत्तरे मिळाली दहाच्या आसपास. त्याच आठवड्यात गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी गुगल हँगआउटवर लोकांशी बोलले. 2017 मध्ये देवेंद्र फडणवीस यांचा ‘मी मुख्यमंत्री बोलतोय’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला आणि त्यासाठी व्हॉट्सॲप व ई-मेलवर प्रश्न मागवले गेले. करोनाच्या काळात उद्धव ठाकरे फेसबुक लाइव्हवर राज्याशी बोलत राहिले. 29 जून 2022 रोजी मुख्यमंत्रिपद सोडत असल्याचेही त्यांनी तिथेच सांगितले. त्या बंदिस्त दिवसांत घराघराला धीर देण्याचे काम अशा भाषणांनी केले, हे मान्य करायला हवे. पण धीर देणे वेगळे आणि जाब देणे वेगळे.

या माध्यमाची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. जामसंड्याहून ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात जायचे तर एस.टी.ने दिवस मोडतो. घर सोडून जाऊ न शकणारी बाई, मुंबईतला चाकरमानी, आखातात नोकरी करणारा मुलगा, या सगळ्यांना आपल्या गावाबद्दल प्रश्न असतात. त्यांना बसल्या जागेवरून विचारता येणे ही मोठी सोय आहे. माझी तक्रार एवढीच की विचारण्याची सोय झाली, पण उत्तर देण्याचे बंधन आले नाही.

विधानसभेत प्रश्न कसा विचारला जातो ते पाहा. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि विषय तिथेच थांबतो. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात उभे राहून देतात आणि मग उपप्रश्न सुरू होतात. मंत्र्याची खरी परीक्षा तिथे असते. पहिले उत्तर खात्याने लिहून दिलेले असते. ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हटल्यावर ‘केव्हापासून?’ असे कोणी विचारले की कागद संपतो आणि मंत्र्याला स्वतः बोलावे लागते. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांना लोकसभेत पाठवणाऱ्या राजापूर मतदारसंघातल्या माणसांना प्रश्नाची किंमत वेगळी सांगायला नको.

नेत्याच्या लाइव्ह संवादात नेमका हा उपप्रश्नच गायब असतो. प्रश्न कोणते घ्यायचे ते नेता ठरवतो, संवाद केव्हा संपवायचा तेही तोच ठरवतो. अडचणीचा प्रश्न नाकारावा लागत नाही, तो नुसता वर सरकून दिसेनासा होतो. नाकारलेल्या प्रश्नाची निदान बातमी तरी होते, सरकून गेलेल्याची कुणी दखलही घेत नाही.

आमच्या गावाला हे जास्त जाणवते. जामसंडे ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. कायद्याने वर्षातून किमान चार घ्याव्याच लागतात. ग्रामसभेत गोंधळ होई, कधी गणपूर्तीअभावी ती तहकूब होई, पण सरपंच समोर बसलेला असे आणि उत्तर पटले नाही तर पुन्हा उठून उभे राहता येई. 2016 मध्ये देवगड-जामसंडे नगरपंचायत झाली. 17 प्रभाग आले, 17 नगरसेवक आले, ग्रामसभा मात्र गेली. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आहे, पण राज्यात बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. ती पोकळी आता मोबाइलचा पडदा भरून काढतो आहे. म्हणून त्या पडद्याला काही नियम हवेत.

नियमांसाठी दूर जायला नको. लोकशाही दिनासाठी अर्ज लेखी द्यावा लागतो आणि त्याची नोंद होते. माहिती अधिकारात 10 रुपये भरले की 30 दिवसांची मुदत लागू होते. तिथेही दिरंगाई होते, पण दिरंगाई झाली हे दाखवणारा कागद आपल्याकडे राहतो. हेच तत्त्व इथे आणता येईल. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यावा आणि यादी सर्वांना दिसावी. कोणते प्रश्न घ्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. ज्याचा प्रश्न घेतला त्याला एक उपप्रश्न विचारू द्यावा. जे प्रश्न राहिले त्यांची लेखी उत्तरे ठरलेल्या मुदतीत द्यावीत. आणि शिवीगाळ आवरण्याची जबाबदारी संवाद ठेवणाऱ्याची असावी. आपल्या अंगणात सभा भरवून आलेल्या माणसाचा अपमान होऊ देणे, हे कोकणात कुणाला शोभत नाही.

आता थोडे आपल्याबद्दल. मुसलमानाने काय विचारायचे, हे नेत्यांनी ठरवून टाकले आहे: कब्रस्तानची भिंत, शादीखान्याचा निधी, फार तर आरक्षण. ते प्रश्नही खरे आहेत. पण पीकविमा, एस.टी., शाळा, दवाखाना हेही आपलेच प्रश्न आहेत. आपण ते समाजातल्या चार प्रतिष्ठितांमार्फत, बंद खोलीत, विनंती म्हणून मांडत आलो. त्यातून कधी एखादे काम झाले, पण आपण नागरिक म्हणून कुणाच्या नजरेत आलो नाही. नाव वाचून अंगावर येणारे येतील. त्यांच्या भीतीने आपण गप्प बसलो, तर आपल्या बाजूने त्यांनीच उत्तर दिल्यासारखे होईल.

आणि विचारायचे तर नीट विचारावे. ‘साहेब, आमच्याकडे लक्ष द्या’ हा प्रश्न नव्हे. त्याला हात जोडल्याचे चिन्ह पुरते. कोणते काम, कोणती तारीख, जबाबदार अधिकारी कोण, एवढे दोन ओळींत मावते. माहिती अधिकाराच्या अर्जाला महाराष्ट्रात 150 शब्दांची मर्यादा आहे. ती जाचक आहे खरी, पण तिने मला मुद्द्याचे लिहायला शिकवले.

काकांशी त्या दिवसानंतर पुन्हा बोलणे झाले. पुढच्या संवादात हवामान केंद्राचा तोच प्रश्न आम्ही दोघेही विचारणार आहोत, ते त्यांच्या नावाने आणि मी माझ्या. आमच्या वाडीतले आणखी काही बागायतदार तयार आहेत. एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी आला, तर तो सरकवून टाकणे तेवढे सोपे राहणार नाही. आणि उत्तर आलेच, तर आमचा उपप्रश्नही तयार आहे: “हे केव्हापासून?”