बाळाचा फोटो हवा की बाळाची तपासणी?

"डॉक्टर, बाळाचा चेहरा दिसेल असा फोटो काढून द्या ना!" गर्भवती भगिनी आणि त्यांचे यजमान हल्ली ही मागणी वरचेवर करू लागले आहेत. अमेरिकेतल्या नणंदेने किंवा मैत्रिणीने पोटातल्या बाळाचा सोनेरी रंगाचा फोटो मोबाईलवर धाडलेला असतो. तिकडे स्टुडिओत पैसे भरले की असा फोटो आणि चित्रफीत मिळते. मग आपल्याकडे का नाही, असे वाटणे साहजिक आहे. होणाऱ्या आई-वडिलांची हौस मी समजू शकते. तरीही केवळ हौसेखातर सोनोग्राफी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी पोटात सोडतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून यंत्र चित्र तयार करते. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली ही पद्धत जगापुढे मांडली. योग्य कारणासाठी केलेल्या तपासणीने बाळाला अपाय होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. मात्र या लहरींमुळे शरीरातील पेशी किंचित तापतात. म्हणून तपासणी गरजेपुरती आणि कमीत कमी वेळात उरकावी, असा नियम आहे. बाळाने चेहऱ्यावर हात धरला म्हणून 'चांगली पोज' मिळेपर्यंत यंत्र फिरवत राहणे त्यात बसत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०१४ साली आठवणीखातरची सोनोग्राफी आणि घरी ठोके ऐकण्याचे यंत्र टाळण्याचा सल्ला दिला होता.

दुसरा धोका खोट्या समाधानाचा. गोंडस चेहरा दिसला म्हणजे बाळ सुदृढ आहे, असे नव्हे. हृदयाचे कप्पे, पाठीचा कणा, मेंदू, वारेची जागा, गर्भजलाचे प्रमाण हे सारे प्रशिक्षित डॉक्टरने बारकाईने पाहावे लागते. व्यंग शोधण्याची मुख्य तपासणी १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होते. चेहऱ्याचा फोटो सातव्या महिन्याच्या आसपास चांगला येतो. त्या फोटोची वाट पाहत मुख्य तपासणी राहून गेली, तर पुढचे उपाय ठरवण्याचा मोलाचा वेळ हातचा जातो.

तिसरी गोष्ट कायद्याची. गर्भलिंग निदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम १९८८ साली महाराष्ट्राने केला. १९९४ साली संसदेने तो देशभरासाठी केला आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्यानुसार गर्भवतीची सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रातच आणि वैद्यकीय कारणासाठीच करता येते. प्रत्येक वेळी 'एफ' फॉर्म भरावा लागतो. काहींना ही कटकट वाटते. पण ती का आली, ते आठवा. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २०११ साली त्या ८९४ उरल्या. हौसेच्या फोटोला दार उघडले, तर त्याच दारातून "मुलगा की मुलगी" हा प्रश्नही आत शिरेल. म्हणून आपल्याकडची बंदी मला रास्त वाटते.

याचा अर्थ सोनोग्राफीला घाबरावे असा मुळीच नाही. उलट डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी चुकवू नये. २४ आठवड्यांपूर्वी निदान एक सोनोग्राफी व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगते आहे. तपासणीला जाताना जुने कागद न्यावेत. ही सोनोग्राफी कशासाठी आणि तीत काय आढळले, हे न संकोचता विचारावे. तपासणी चालू असताना डॉक्टरांनी आपणहून बाळाचा हात किंवा चेहरा दाखवला, तर आनंदाने पाहावा. खर्चाची अडचण असेल, तर सरकारी रुग्णालयात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिचा लाभ घ्यावा. बाळाची हालचाल कमी जाणवली, तर घरच्या यंत्रावर ठोके ऐकत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

बाळाचे मुखदर्शन नऊ महिन्यांनी होणारच आहे. तोवर आईचे हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि वजन यांकडे सासर-माहेरच्या सर्वांनी लक्ष द्यावे.