पुस्तकामागचा वर्ग

पहिल्या महायुद्धाच्या काळात सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा यांच्यावर कलकत्ता विद्यापीठात पदव्युत्तर भौतिकशास्त्र शिकवण्याची वेळ आली. दोघेही एमएस्सी झाले होते गणितात. युरोपातून नवी पुस्तके मिळणे दुरापास्त, त्यामुळे जी जर्मन पुस्तके हाती लागली ती वाचण्यासाठी आधी जर्मन शिकणे आले. १९२० साली तर आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचा दोघांनी केलेला इंग्रजी अनुवादच प्रसिद्ध झाला. ही स्वयंअध्ययनाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेही. पण हे दोघे एकटे नव्हते. शेजारी तोडीस तोड मित्र होता आणि समोर विद्यार्थी बसले होते.

आज घरी बसून पदवीचे भौतिकशास्त्र शिकू पाहणाऱ्याकडे यातले काहीच नसते. पुस्तके मात्र मुबलक, आणि त्यांतली नावाजलेली बरीचशी १९५७च्या स्पुटनिकनंतर अमेरिकेत उठलेल्या विज्ञानशिक्षणाच्या लाटेतली. हॅलिडे-रेस्निक १९६०चे, पर्सेलचे विद्युतचुंबकत्व १९६५चे. फाइनमनची व्याख्याने १९६१ ते १९६३ दरम्यान कॅलटेकमध्ये झाली. तिथे आठवड्याला दोन व्याख्याने होत. मग सुमारे १८० मुले पंधरा-वीसच्या गटांत बसून गणिते सोडवत, शिवाय प्रयोगशाळा असे. छापून आली ती व्याख्याने. एवढा सरंजाम असूनही, बहुसंख्य मुलांच्या परीक्षेतील कामगिरीकडे पाहता आपला प्रयत्न फसला, असे फाइनमन यांनीच प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. उदाहरणे कशी सोडवावीत यावर त्यांनी घेतलेली तीन व्याख्याने तर त्या खंडांत नाहीतच. तरी आपल्याकडे नवशिक्याला पहिली शिफारस होते ती याच लाल खंडांची! ते जरूर वाचावेत. पण दुसऱ्या पुस्तकातली गणिते घासून झाल्यावर.

मीर प्रकाशनाचे इरोदोव्हचे उदाहरणांचे पुस्तक हे दुसरे टोक. उदाहरणे ढीगभर, मागे उत्तरे, आणि मधली वाट तुमची तुम्ही शोधायची. चुकलो कुठे हे सांगणारा कोणी असेल तर या पुस्तकाला तोड नाही.

म्हणून एकट्याने पुस्तक निवडताना लेखकाच्या कीर्तीपेक्षा प्रकरणाच्या शेवटची पाने आधी पाहावीत. उदाहरणे पायरीपायरीने चढतात का? निदान काही पूर्ण सोडवून दाखवली आहेत का? पर्सेलच्या २०१३च्या तिसऱ्या आवृत्तीत डेव्हिड मॉरिन यांनी सोडवलेल्या उदाहरणांची मोठी भर घातली. वर्गासाठी लिहिलेले पुस्तक त्यामुळे एकट्याच्या कामाचे झाले. यांत्रिकीला क्लेपनर-कोलेन्को घ्यावे, पण कलनावर हात बसल्यावरच.

जुन्या आवृत्त्यांना नाक मुरडू नये. न्यूटनचे नियम दर आवृत्तीला बदलत नाहीत, आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुने पुस्तक बरेच स्वस्त पडते. अपवाद पुन्हा पर्सेलचाच: आधीच्या आवृत्त्या गाउसियन एककांत आहेत. शेजारी ग्रिफिथ्सचे एसआय एककांतले विद्युतगतिकीचे पुस्तक उघडून ठेवलेत, तर समीकरणांमधले ४π कुठे गेले हे शोधण्यात संध्याकाळ जाईल.