विश्लेषण : मक्याच्या इथेनॉलने पेट्रोल वाचेल, पण ट्रकच्या डिझेलचे काय?

धुळे जिल्ह्यातील नरडाणा (ता. शिंदखेडा) हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरील स्थानकही येथेच आहे. परिसरात मक्याची शेती आणि औद्योगिक वसाहत आहे. तेलाची आयात कमी करण्यासाठी इथेनॉल, विजेवरील वाहने आणि रेल्वे असे तीन पर्याय सांगितले जातात. यातील कोणता पर्याय नेमके कोणते इंधन वाचवतो, हे नरडाण्यासारख्या ठिकाणी स्पष्ट दिसते.

तेलासाठी परावलंबन किती?

भारत गरजेच्या सुमारे ८८ टक्के कच्चे तेल आयात करतो. २०२४-२५ मध्ये त्यासाठी सुमारे १३७ अब्ज डॉलर मोजावे लागले. त्या वर्षी देशात सुमारे ९.१ कोटी टन डिझेल आणि ४ कोटी टन पेट्रोल खपले. म्हणजे डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर यांची भिस्त डिझेलवर असते. देशात सर्वाधिक गाजावाजा झाला तो मात्र पेट्रोलमधील इथेनॉल मिश्रणाचा.

मका इंधनात कसा आला?

२०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये सरासरी दीड टक्का इथेनॉल होते. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते २०२५-२६ वर आणले गेले. सुरुवातीला सारा भार उसावर होता. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर वाढवून लिटरला ७१.८६ रुपये केला. तेव्हापासून मक्याला मागणी वाढली. खान्देशात दोंडाईचा, चाळीसगाव येथील स्टार्च कारखाने आणि कोंबडीखाद्य हे मक्याचे जुने ग्राहक होते. आता त्यांना इथेनॉल प्रकल्पांशी स्पर्धा करावी लागते.

शेतकऱ्याला किती फायदा?

एक क्विंटल मक्यापासून साधारण ३८ लिटर इथेनॉल मिळते. ७१.८६ रुपये दराने त्याचे सुमारे २,७३० रुपये होतात. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव २,४०० रुपये आहे. उरलेल्या ३३० रुपयांत आणि चोथ्यापासून होणाऱ्या पशुखाद्याच्या विक्रीत प्रकल्पाला कोळसा, मजुरी, व्याज भागवावे लागते. त्यामुळे हमीभावाच्या फार वर जाऊन खरेदी करणे प्रकल्पांना परवडत नाही.

दुसरी अडचण धोरणाची. २०२५ च्या सुरुवातीला केंद्राने अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी क्विंटलला २,८०० ऐवजी २,२५० रुपयांना देऊ केला. म्हणजे मक्याच्या २०२५-२६ च्या हमीभावापेक्षाही स्वस्त. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी १,०५० कोटी लिटर इथेनॉल मागितले, तेव्हा देशभरातील प्रकल्पांनी १,७७६ कोटी लिटरची तयारी दाखवली. २० टक्क्यांची मर्यादा गाठल्यावर मागणी थबकली, पण क्षमता उभी राहिली आहे. २०२५ च्या खरिपात कर्नाटकात मक्याचे भाव हमीभावाखाली घसरले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. कापूस सोडून मक्याकडे वळलेल्या खान्देशातील शेतकऱ्यालाही हाच धोका आहे. त्याच्या पिकाचा भाव आता बाजार समितीइतकाच दिल्लीतील निर्णयावर ठरतो.

इथेनॉल डिझेलमध्ये का चालत नाही?

इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळून राहत नाही. हे प्रयोग यशस्वी झाले नाहीत, असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले. आता आयसोब्युटेनॉलची चाचणी सुरू आहे. शिवाय एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे वाचणारे पेट्रोल मिसळलेल्या लिटरइतके नसते.

विजेवरील ट्रक पर्याय ठरतील?

केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत विजेवरील ट्रकसाठी ५०० कोटी रुपये राखून ठेवले आहेत. एका ट्रकला कमाल ९.६ लाख रुपये अनुदान आहे. पण लक्ष्य सुमारे ५,६०० ट्रकचे आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे ठरले आहे. तथापि लांब पल्ल्याच्या ट्रकसाठी बॅटरीचे वजन, किंमत आणि चार्जिंगला लागणारा वेळ हे तिन्ही अडथळे मोठे आहेत. शहरातील रिक्षा, दुचाकी आणि ठरावीक मार्गावरच्या बसमध्ये वीज आधी परवडते.

रेल्वेमुळे काय बदलेल?

सुरत-भुसावळ मार्गाच्या उधना-जळगाव टप्प्याचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाले आहे. याच मार्गावरील नरडाण्याला धुळे जोडणाऱ्या ५०.६ किलोमीटरच्या बोरविहीर-नरडाणा मार्गाची पायाभरणी फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली. मनमाड-इंदूर या पूर्ण ३०९ किलोमीटरच्या मार्गाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. खर्च १८,०३६ कोटी रुपये, मुदत २०२८-२९. या मार्गावरून वर्षाला २.६ कोटी टन मालवाहतूक वाढेल आणि १८ कोटी लिटर तेल वाचेल, असा सरकारचा अंदाज आहे.

देशाच्या एकूण डिझेलपुढे हा आकडा किरकोळ आहे. पण मक्याशी तुलना केली तर त्याचे मोल कळते. तेवढी ऊर्जा इथेनॉलमधून मिळवायची तर ढोबळ हिशेबाने दरवर्षी सुमारे आठ लाख टन मका लागेल. रेल्वे ते काम शेतजमीन न अडवता, खत-पाणी न खर्चता करते.

मग वीज कुठून येणार?

देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून होते. भुसावळजवळचे दीपनगर केंद्रही कोळशावर चालते. त्यामुळे विजेच्या रेल्वेने तेलाची आयात घटते, प्रदूषण तितके घटत नाही. साक्री तालुक्यातील शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प पुढची दिशा दाखवतो.

पुढे काय?

रूळ टाकले म्हणजे माल आपोआप रेल्वेत चढत नाही. नरडाणा औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्याचा दोन ट्रक माल घेणारी व्यवस्था, मालधक्का, गोदाम आणि वेळेची हमी नसेल, तर तो माल महामार्गानेच जाईल. राष्ट्रीय रेल्वे योजनेत २०३० पर्यंत मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ४५ टक्के करण्याचे ठरवले आहे. मक्यासाठी शेतकऱ्याला हवी ती हंगामाआधी स्पष्ट होणारी इथेनॉलची मागणी आणि दर. पेरणी झाल्यावर बदलणाऱ्या धोरणाचा भुर्दंड त्यालाच बसतो. तेल आयातीचा मोठा भाग मात्र महामार्गावरच्या डिझेलमध्ये आहे. तो कमी झाला की नाही, हे मनमाड-इंदूर मार्ग वेळेत पूर्ण होतो का आणि त्यावर माल वळतो का, यावर ठरेल.