विश्लेषण : माउंटन बाइकचे ‘हटके’ मागचे सस्पेन्शन पैसे वसूल करते का?

फ्रेमच्या मधोमध एक जादा दातेरी चक्र आणि त्यावरून वळसा घेणारी चेन. ‘हाय पिव्हट’ माउंटन बाइक पाहून कुणी तिला भविष्यातील बाइक म्हणतो, तर कुणी निव्वळ मार्केटिंग. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

हाय पिव्हट म्हणजे काय?

दगडावर आदळलेल्या चाकाला धक्का बसतो तो वर आणि मागे. साध्या रचनेत स्विंगआर्मचा सांधा पेडलच्या अक्षाजवळ असतो, त्यामुळे चाकाला मागे सरकायला फारसा वाव नसतो. सांधा वर नेला, की चाक धक्क्याच्या दिशेनेच सरकते आणि दगडावरून सहज निघते. पण त्यामुळे चेन ताणली जाते आणि पेडल पायाखाली उलटे खेचले जाते. याला ‘पेडल किकबॅक’ म्हणतात. तो टाळण्यासाठी चेन सांध्याजवळून नेणारे चक्र म्हणजे ‘आयडलर’.

चेनचा अडथळा किती, यावर बोलताना २०१५च्या लिओगांग (ऑस्ट्रिया) वर्ल्ड कपचा दाखला हमखास दिला जातो. सुरुवातीलाच चेन तुटूनही ॲरन ग्विनने ती डाउनहिल शर्यत जिंकली. चेन नसल्याने सस्पेन्शन मोकळे चालले, असा तर्क त्यानंतर रंगला. तर्क चुकीचा नाही. पण एका फेरीवरून, तीही ग्विनच्या, काहीच सिद्ध होत नाही.

जिंकणारी बाइक म्हणजे चांगली रचना?

तसे नाही. अमोरी पियरोंने कॉमेन्सालच्या हाय पिव्हट बाइकवर २०१८ आणि २०२२ मध्ये वर्ल्ड कप मालिका जिंकली. मधल्या २०२१ मध्ये ३९ वर्षांचा ग्रेग मिनार जगज्जेता ठरला तो सँटा क्रूझच्या व्ही१०वर. तिला आयडलर नव्हता. शिवाय डाउनहिल शर्यतीत चढ चढायचा नसतो. रोजच्या वापरात आयडलरचे घर्षण, आवाज आणि चेनची लांबी जाणवते.

१९९०च्या दशकातील ‘यूनिफाइड रिअर ट्रँगल’ हा याहून बोलका नमुना. पेडलचा अक्षच मागच्या, हलणाऱ्या भागावर बसवला होता. चेनची लांबी बदलतच नसल्याने किकबॅक शून्य! कागदावर प्रश्न सुटला. मात्र उतारावर स्वार पेडलवर उभा राहिला की त्याचे वजन त्याच भागावर पडे आणि सस्पेन्शन आखडे. नेमके गरज असेल तेव्हाच. एक दोष मुळापासून काढणाऱ्या कोणत्याही रचनेत त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे आधी पाहायला हवे.

चाचणी कशी घ्यावी?

दुकानात सीटवर बसून उड्या मारल्याने शॉकमधील हवेचा दाब जेमतेम कळतो. दोन बाइकची तुलना करताना दोन्हींचा ‘सॅग’, म्हणजे स्वार बसल्यावर शॉक जेवढा दबतो तो, कंपनीने सुचवल्याइतका ठेवावा. टायर आणि त्यातील हवा सारखीच हवी, अन्यथा टायरचे श्रेय सस्पेन्शनला जाते. वाटही एकच असावी आणि त्यात चढ असलाच पाहिजे. उतारावर ‘वेगवान वाटले’ यापेक्षा घड्याळ काय सांगते ते पाहावे. मऊ सस्पेन्शन अनेकदा संथ वाटते, पण असते वेगवान. हाय पिव्हटमध्ये शॉक दबताच मागचे चाक लांब जाते, म्हणून आवळ वळणावर वेगळा कस लावावा.

हे सगळे पटले, तरी सांध्यांचे बेअरिंग बाजारात सहज मिळतात का आणि आयडलर झिजल्यास सुटा भाग किती दिवसांत येतो, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच विक्रेत्याला विचारावे.